गोल का झाला नाही? ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’च्या आतली गणितं

प्लेस्टेशन २ वर ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’ नव्याने खेळायला घेणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. गोलसमोर मोकळा स्ट्रायकर, वेळेवर दाबलेलं फटक्याचं बटण म्हणजे स्क्वेअर, आणि चेंडू गोलच्या दांडीवरून थेट प्रेक्षकांत. दोन-चार वेळा असं झालं की माणूस ठरवून टाकतो, गेम लबाडी करतो. अवघडपणाच्या सहा स्टारच्या पातळीवर हा संशय अगदीच निराधार नाही म्हणा, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं: तुम्ही बटण दाबलंत, पण ज्याच्यासाठी दाबलंत त्या खेळाडूचं अंग, पाय, तोल आणि कौशल्याचे आकडे त्या क्षणी फटक्याला तयार नव्हते. या गेममध्ये बटण म्हणजे विनंती. ती किती नीट पाळली जाईल हे खेळाडूची अवस्था ठरवते. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी थोडी वंशावळ, कारण नावांचा गोंधळ फार आहे. हा गेम कोनामी कंपनीचा. जपानमध्ये ही मालिका ‘विनिंग इलेव्हन’ म्हणून निघायची. युरोपात पहिल्या प्लेस्टेशनवर ती ‘आयएसएस प्रो’ या नावाने आली आणि २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर तिचं ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ झालं. सुपर निन्टेन्डोवरचा ‘इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर’ही कोनामीचाच, पण तो ओसाकाच्या चमूने केलेला, आपली मालिका टोकियोच्या चमूची, निर्माते शिंगो ताकात्सुका. सहावा भाग २००६ चा. जपानमध्ये तोच ‘विनिंग इलेव्हन १०’. तेव्हा कुणाकडे विनिंग इलेव्हनची डिस्क असली तरी खाली लिहिलेलं जवळपास सगळं तिला लागू पडतं. एकच फरक जपून: जपानी डिस्कमध्ये काही मेनूंत होकाराचं बटण सर्कल असतं, एक्स नव्हे. पटापट एक्स दाबत पुढे जायची सवय तिथे नडते.

चेंडू कुणाचाच नसतो

जुन्या बऱ्याच फुटबॉल गेममध्ये चेंडू एकदा पायाशी आला की तिथेच चिकटायचा. खेळाडू कुठेही वळो, चेंडू सोबत. इथे तसं नाही. धावणारा खेळाडू चेंडूला एक टोला देतो, चेंडू थोडा पुढे जातो, मग खेळाडू त्याला गाठून दुसरा टोला देतो. या दोन टोल्यांच्या मधला चेंडू कुणाचाच नसतो. डिफेंडर तो तिथे उचलतो.

आर१, म्हणजे जोरात पळण्याचं बटण, दाबून पळालात की टोला मोठा होतो आणि हे मधलं अंतर वाढतं. शिवाय दिशा बदलण्याचा हुकूम पुढच्या टोल्याशिवाय अमलात येत नाही. म्हणून आर१ धरून ठेवत एकदम वळायला गेलात तर खेळाडू आणखी एक पाऊल सरळ जातो आणि समोरच्याच्या अंगावर आदळतो. उपाय अंगवळणी पाडायचा: वळण्याच्या आधी आर१ सोडा, छोटे टोले पडू द्या, वळा, मग पुन्हा आर१. आर१ सतत दाबून धरणं ही नवख्यांची पहिली चूक. ती नुसती सुटली तरी चेंडू गमावण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं.

दोन टोल्यांमधलं अंतर आणि धावताना चेंडूवरचा ताबा खेळाडूच्या ‘ड्रिबल अ‍ॅक्युरसी’वर ठरतो, चेंडूसह किती जोरात पळतो हे ‘ड्रिबल स्पीड’वर. हा ‘टॉप स्पीड’पेक्षा वेगळा आकडा आहे. काही खेळाडू रिकामे वाऱ्यासारखे पळतात आणि पायाशी चेंडू आला की मंदावतात, ते या फरकामुळे.

एक फटका, जवळून

उदाहरणाला आद्रियानोच घेऊ. या भागाच्या युरोपीय मुखपृष्ठावर जॉन टेरीसोबत तोच आहे आणि गेममध्ये त्याची ‘शॉट पॉवर’ ९९, म्हणजे जितकी असू शकते तितकी. डावा पाय. समजा चेंडू बॉक्सच्या उजव्या कडेला त्याच्याकडे आला, पाठ गोलकडे, डिफेंडर खांद्याला खांदा लावून. तुम्ही स्क्वेअर दाबलंत.

गेम पहिल्यांदा बघतो तो खेळाडूच्या अंगाचा रोख. छाती गोलकडे असेल तर फटका सरळ. जितकं अंग वळलेलं, तितकी चूक वाढत जाते. पाठ पूर्ण गोलकडे असताना त्याला आधी फिरावं लागतं. ते फिरणं ‘अ‍ॅजिलिटी’वर अवलंबून, आणि तेवढ्या वेळात डिफेंडरचा पाय आडवा येतो.

मग पाय. उजव्या कडेवर, डावीकडे वळून फटका मारायचा असेल तर चेंडू सहज डाव्या पायावर येतो. तेच त्याला बाहेरच्या बाजूला नेलंत तर चेंडू उजव्या पायावर. प्रत्येक खेळाडूला कमजोर पायाचे दोन आकडे असतात, १ ते ८: एक अचूकता, दुसरा तो पाय तो किती वेळा वापरतो हे सांगणारा. दुसरा आकडा लहान असलेला खेळाडू कमजोर पायाने मारायचं टाळतो, चेंडू चांगल्या पायावर घेण्यात अर्धा क्षण घालवतो. पडद्यावर हे ‘बटण दाबलं तरी मारला नाही’ असं दिसतं. मारतोय, पण त्याच्या पायाने.

तिसरी गोष्ट तोल. डिफेंडर धक्का देत असताना दोघांचा ‘बॅलन्स’ तपासला जातो. आद्रियानोचा हा आकडाही दांडगा, म्हणून त्याला ढकलून उपयोग होत नाही. एखाद्या चणीने लहान विंगरला त्याच जागी तोच धक्का बसला तर फटका कुठल्या कुठे जातो. अडनिड्या अवस्थेत, उडत्या किंवा टप्पा पडत्या चेंडूवर मारताना ‘शॉट टेक्निक’ लागतं. ‘शॉट अ‍ॅक्युरसी’ वेगळी. नवखे अचूकता पाहून स्ट्रायकर निवडतात आणि व्हॉली गेली की चक्रावतात.

आणि मग तुमचा अंगठा. स्क्वेअर जितका वेळ दाबून ठेवाल तितकी खालची ताकदीची पट्टी भरते. ही पट्टी नुसता जोर ठरवत नाही, उंचीही ठरवते. लेखाच्या सुरुवातीच्या तक्रारीचं मूळ इथे आहे: बॉक्सच्या आतून पट्टी अर्ध्याच्या पुढे नेली की चेंडू दांडीवरून जाण्याची शक्यता जास्त. ज्याची शॉट पॉवर मोठी त्याला तर आणखी कमी पट्टी पुरते. आतून मारताना बटण टिचकीपेक्षा थोडंच जास्त दाबा. बॉक्सबाहेरून, २०-२५ मीटरवरून, अर्धी किंवा किंचित पुढे. त्यातही समोर जागा हवी आणि खेळाडू थांबत आलेला किंवा साध्या चालीत हवा. भरधाव पळता पळता मारलेला फटका आकडे चांगले असूनही फसतो, कारण तोल नसतो. फटका मारण्याच्या एक पाऊल आधी आर१ सोडणं ही एक बारीक सवय लावून घेतली तर गोलसंख्येत फरक पडतो.

दिशा बटण दाबतानाच द्यायची आणि पट्टी भरेपर्यंत धरायची. लांबच्या खांबाकडे मारणं साधारणपणे फायद्याचं, कारण गोलकीपर जवळचा खांब आधी झाकतो. तो पुढे धावत आला असेल तर एल१ धरून स्क्वेअर: चेंडू त्याच्या डोक्यावरून. आणि अजून जागाच मिळत नसेल तर स्क्वेअर दाबून लगेच एक्स. पाय उचलल्याचं सोंग होतं, फटका रद्द होतो आणि घसरत आलेला डिफेंडर पुढे निघून जातो. पूर्ण गेममधली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची युक्ती आहे.

आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवलं जातं

दुसरी मोठी तक्रार अशी की खेळाडू न सांगितलेलं करतो. खरं तर सांगितलेलंच करतो, फक्त उशिरा. चेंडू तुमच्याकडे येत असताना दाबलेलं बटण गेम साठवून ठेवतो आणि पहिल्या स्पर्शाला अमलात आणतो. एका स्पर्शात पास, हवेतला हेडर, येत्या क्रॉसवर व्हॉली हे सगळं त्यामुळेच शक्य होतं. पण चेंडू येता येता घाबरून एक्स दाबलंत तर अंगाचा रोख चुकीचा असतानाही तो पहिल्याच स्पर्शात पास देईल, बहुधा समोरच्याच्या पायात.

सगळ्यात महाग पडणारा प्रकार बचावात होतो. तिथे त्याच बटणांचे अर्थ वेगळे आहेत: एक्स म्हणजे चेंडूवाल्यावर चालून जाणं, स्क्वेअर म्हणजे दुसऱ्या साथीदाराला दबाव टाकायला बोलावणं, सर्कल म्हणजे घसरून टॅकल, ट्रँगल म्हणजे गोलकीपरला बाहेर काढणं. तुमचा माणूस चेंडू जिंकतो त्या क्षणी हेच बटण हल्ल्याच्या अर्थाने वाचलं जातं. स्क्वेअर नेमकं तेव्हा दाबलंत तर जिंकलेला चेंडू लाथाडून दूर जातो. सर्कल असेल तर लांब पास हवेत. चेंडू हाताशी येतोय असं दिसताच अंगठा बटणावरून उचला. शिकवायला सोपं, करायला महिना जातो.

याचाच एक भाऊ म्हणजे आपोआप धावणं. पास सुटला की घेणारा खेळाडू आपसूक चेंडूच्या रेषेत जातो, त्या काळात तुमच्या दिशेच्या बटणाला फारसं जुमानत नाही. आर१ आणि आर२ एकत्र दाबले की हा आपोआपपणा तुटतो आणि खेळाडू पूर्ण तुमच्या ताब्यात येतो. याला सुपर कॅन्सल म्हणतात. पास मुद्दाम सोडून मागच्या साथीदाराकडे जाऊ द्यायचा असेल, किंवा वाटेत आलेला डिफेंडर टाळून वळसा घालायचा असेल, तर हाच मार्ग. गेममध्ये कुठेही ठळकपणे सांगितलेला नसल्याने वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही तो माहीत नसतो.

पास

एक्सच्या छोट्या पासला ताकदीची पट्टी नाही. दिशा तुम्ही देता. त्या दिशेचा साथीदार गेम निवडतो. चेंडू किती वेगाने जाईल हे ‘शॉर्ट पास स्पीड’ आणि किती नेमका जाईल हे ‘शॉर्ट पास अ‍ॅक्युरसी’ ठरवते. त्यामुळे पास चुकला की तीनच शक्यता तपासायच्या. दिशेत दोन साथीदार होते आणि गेमने दुसरा धरला. देणाऱ्याचं अंग भलतीकडे होतं. किंवा मधल्या रेषेत प्रतिस्पर्धी उभा होता. तिसरी चूक निव्वळ तुमची.

ट्रँगलचा थ्रू पास साथीदाराच्या पुढच्या मोकळ्या जागेत जातो. तो तेव्हाच दाबायचा जेव्हा साथीदार पळू लागलेला आहे. उभ्या स्ट्रायकरला थ्रू दिला तर चेंडू गोलकीपरच्या हातात. एल१ धरून ट्रँगल म्हणजे तोच पास डिफेंडरांच्या डोक्यावरून. बचावाची फळी वर चढून आली असेल तर हा घातक. एल१ धरून एक्स म्हणजे पास देऊन देणारा स्वतःच पुढे पळतो, परत चेंडू मागतो. बॉक्सच्या तोंडाशी दाटी झाली की ती फोडायला हाच पास.

बाजूच्या पट्ट्यातून सर्कल एकदा दाबलं तर उंच क्रॉस, दोनदा दाबलं तर थोडा खालून, तीनदा दाबलं तर जमिनीलगत. उंच क्रॉसला हेडर करणाऱ्याचे ‘जंप’ आणि ‘हेडिंग’ हवेत; बुटके स्ट्रायकर घेऊन उंच क्रॉस टाकत बसणाऱ्यांना गेम काही देणं लागत नाही. त्यांनी तीनदा दाबावं.

आकडे कसे वाचायचे

प्रत्येक खेळाडूची पंचविसेक कौशल्यं असतात, बहुतेक ९९ पर्यंतच्या मापात. ८० च्या पुढचा आकडा पिवळा दिसतो, ९० पासून नारिंगी, ९५ पासून लाल. संघ निवडताना नुसते रंग मोजू नका. सरासरी फसवी असते. काही आकडे नावावरून कळत नाहीत, तेवढेच इथे उलगडतो.

‘रिस्पॉन्स’ म्हणजे सुटा चेंडू, उडालेला चेंडू, मोकळी जागा यांना खेळाडू किती लवकर प्रतिसाद देतो. गोलकीपर आणि डिफेंडरसाठी हा सोन्याचा आकडा. ‘टेक्निक’ म्हणजे चेंडू पहिल्या स्पर्शात किती मऊ थांबतो. फटक्याशी याचा थेट संबंध नाही. ‘अग्रेशन’ म्हणजे भांडकुदळपणा नव्हे, हल्ल्यात खेळाडू आपसूक किती पुढे सरकतो ते. बचावात्मक मिडफिल्डरचा हा आकडा मोठा असेल तर तो सारखा जागा सोडून वर जाईल आणि मधोमध भगदाड पडेल. ‘मेंटॅलिटी’ थकल्यावर आणि पिछाडीवर असताना दिसते.

आकड्यांशेजारी काही कौशल्यांना तारा असतो, उदाहरणार्थ मधल्या अंतरावरचा फटका, एका स्पर्शातला पास, माणूस धरून ठेवणं, घसरून टॅकल. तारा असला की तो खेळाडू ते काम वेगळ्या सहजतेने करतो. समान आकड्यांच्या दोन खेळाडूंत तारा असलेला घ्या. स्ट्रायकरला ‘पोझिशनिंग’ आणि ‘रिअ‍ॅक्शन’ हे तारे असतील तर तुम्ही काही न करता तो डिफेंडरांच्या मागे धाव घेतो, आणि मग ट्रँगलला अर्थ येतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित चीज: सामन्याआधी नावाशेजारी दिसणारा बाण. लाल आणि सरळ वर म्हणजे खेळाडू ऐन रंगात. हिरवा आडवा म्हणजे नेहमीसारखा. खाली तोंड केलेला म्हणजे आज तो नको. बाणाचा परिणाम आकड्यांवर होतो. मोठ्या नावाचा, पण बाण खाली असलेला स्टार आणि बाकावरचा लाल बाणाचा साधा खेळाडू यांत कित्येकदा दुसराच बरा ठरतो. मित्राशी खेळताना दोघांनी बाण आधीच बघून संघ लावावा. हरल्यावर बाणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. वादच नको असेल तर सामन्याच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंची अवस्था सारखी ठेवण्याची सोय आहे.

बचाव

एक्स धरून ठेवला की तुमचा डिफेंडर चेंडूकडे धावतो आणि एका साध्या वळणावर मागे पडतो. आर१ची जोड दिली तर आणखी वेगाने मागे पडतो, वर फाउल. त्याऐवजी चेंडूवाल्याच्या आणि गोलच्या मध्ये उभं राहा, दिशेच्या बटणाने त्याच्यासोबत सरका, त्याचा मोठा टोला पडला की मगच एक्स. वर सांगितलेला तो ‘कुणाचाच नसलेला’ चेंडू इथे तुमच्या कामाला येतो.

स्क्वेअरने बोलावलेला दुसरा माणूस कुठून तरी उचलूनच आणलेला असतो. त्याची जागा रिकामी पडते आणि चांगला खेळाडू पास तिथेच देतो. बाजूच्या रेषेजवळ कोंडीत धरायला स्क्वेअर छान. मैदानाच्या मधोमध तो आत्मघात. पाचव्या भागात पंच फारच शिट्टीप्रेमी होता. सहाव्यात तो बराच सैल आहे, तरी मागून घसरणं अजूनही कार्डाला आमंत्रण.

रचनेबाबत एवढंच: एल२ सोबत चार बटणांवर चार डावपेच बसवता येतात. प्रतिहल्ला, दबाव, ऑफसाइडचा सापळा, एका बाजूने हल्ला, सेंटर बॅकने पुढे जाणं वगैरे. चारही बसवून सामन्यात एकही न वापरणारे पुष्कळ. दोनच बसवा. ऑफसाइडचा सापळा संथ सेंटर बॅक असलेल्या संघाने लावू नये. सापळा फसला की त्यांना परत गाठायला पाय नसतात. रचनेच्या पडद्यावर खेळाडूंच्या चकत्यांवरून निघणारे, धावण्याची दिशा सांगणारे बाण मात्र नीट लावा. दोन्ही फुल बॅकना पुढचे बाण दिले तर निदान एक मिडफिल्डर बाणाशिवाय, बचावाच्या पुढ्यात ठेवा.

मास्टर लीग, आणि दिवाळं कसं निघतं

एकट्याने खेळणाऱ्यासाठी या गेमचा खरा ऐवज मास्टर लीग. १९९९ च्या ‘आयएसएस प्रो इव्होल्यूशन’पासून ती चालत आली आहे. एक क्लब घ्यायचा, दुसऱ्या डिव्हिजनपासून सुरुवात करायची, सामने जिंकून पॉइंट कमवायचे आणि त्या पॉइंटांनी खेळाडू घ्यायचे. सुरुवातीला क्लबचे खरे खेळाडू न घेता गेमने बनवलेला संघ घेता येतो: कास्तोलो, मिनांदा, हिमेलेस, गोलमध्ये इव्हारोव्ह. जगात कुठेही नसलेली ही माणसं लाखो खेळणाऱ्यांना पाठ आहेत. संघ कमकुवत आहे, पण पगार कमी. मास्टर लीगची गोम त्यातच आहे.

खेळाडूचा पगार दर सामन्याला कापला जात नाही. सीझन संपला की सगळ्यांचा एकदम कापला जातो. म्हणून सीझनभर खात्यात भरपूर पॉइंट दिसतात, मधल्या खरेदीच्या काळात मोठा स्ट्रायकर घेतला जातो, आणि शेवटी पगार वजा होऊन आकडा शून्याखाली गेला की क्लब बंद, खेळ खल्लास. कुठलीही खरेदी करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा: हातातले पॉइंट, उरलेल्या सामन्यांतून निम्मेच सामने जिंकलो असं धरून येणारे पॉइंट, आणि सगळ्या संघाचा मिळून पगार, नव्या खेळाडूचा धरून. पहिल्या दोनांची बेरीज तिसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठी असेल तरच सही. कमी पडत असेल तर बाकावरचे जास्त पगाराचे खेळाडू सीझन संपण्याआधीच्या खरेदी-विक्रीच्या काळात सोडून द्या.

खेळाडू वाढतात आणि उतरतात. प्रत्येकाचा आलेख वेगळा: कुणी लवकर बहरतो आणि लवकर ओसरतो, कुणी उशिरा चढतो आणि टिकतो. वय १७-१८ चा, आज मध्यम दिसणारा खेळाडू स्वस्तात मिळतो आणि तीन-चार सीझनमध्ये संघाचा कणा होतो. निवृत्त झालेले खेळाडू काही काळाने कोवळ्या वयात पुन्हा बाजारात येतात, हा या मोडचा सगळ्यात गमतीचा नियम. ओळखीचं नाव, वय १७, पगार किरकोळ. असा दिसला की घेऊन ठेवा.

थकव्याकडेही लक्ष हवं. लागोपाठच्या सामन्यांत तेच ११ उतरवले की दमसास भरून निघत नाही, दुखापती वाढतात. साधारण १८ कामाचे खेळाडू असलेला संघ, त्यातले चार-पाच दर सामन्याला आलटून पालटून, हे गणित पहिल्या सीझनला पुरतं.

मर्सीसाइड रेड कोण?

खऱ्या नावांचे हक्क इतरांकडे असल्याने कोनामीला टोपणनावांवर भागवावं लागलं. या भागात मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल खऱ्या नावाने आहेत. लिव्हरपूल मात्र ‘मर्सीसाइड रेड’, चेल्सी ‘लंडन एफसी’, न्यूकॅसल ‘टाइनसाइड’. जर्मनीची बुंडेसलिगा तर लीग म्हणून गायबच. गेममधल्या एडिट विभागात नावं, कपडे, चिन्हं सगळं बदलता येतं, पण ते हाताने करायचं म्हणजे कित्येक संध्याकाळी. म्हणून खेळणाऱ्यांनी तयार बदलांची सेव्ह फाइल एकमेकांना द्यायची पद्धत पाडली. तिलाच ऑप्शन फाइल म्हणतात.

ती बसवताना तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, प्रदेश. युरोपीय, अमेरिकन आणि जपानी डिस्कच्या सेव्ह फाइलची नावं वेगळी असतात (युरोपीय बीईएसएलईएसने सुरू होते, अमेरिकन बीएएसएलयूएसने), आणि चुकीच्या प्रदेशाची फाइल कार्डवर असूनही गेमला दिसतच नाही. दुसरं, फाइलचा साचा. एमएएक्स साचा अ‍ॅक्शन रिप्ले मॅक्स या चीट डिस्कचा, पीएसयू साचा यूलाँचएल्फ या फाइल हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने घेता येतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, पीएसयू फाइल त्यावर टाका, कन्सोलला लावा, फाइलवर कॉपी करा आणि मेमरी कार्डवर जाऊन साधं पेस्ट न करता पीएसयू पेस्ट निवडा. साधं पेस्ट केलं तर ती बंद गठडी तशीच जाऊन पडते, उलगडत नाही. प्लेस्टेशन २ चं यूएसबी १.१ आहे, तेव्हा कॉपीला वेळ लागला तर हात न लावता थांबा. तिसरं, क्रम. ऑप्शन फाइल आधी लोड करा आणि मगच मास्टर लीग सुरू करा. चालू लीगमध्ये मागाहून फाइल बदलली की नावं एकीकडे, खेळाडू दुसरीकडे असा घोळ होऊ शकतो. जुनी ऑप्शन फाइल दुसऱ्या कार्डवर ठेवल्याशिवाय तिच्यावर नवी चढवू नये. कार्ड ८ एमबीचं मूळ कंपनीचं असलेलं बरं. मोठ्या आकाराची नक्कल कार्डं सेव्ह खाऊन टाकण्याबद्दल बदनाम आहेत.

आजच्या टीव्हीवर

जुना कन्सोल नव्या सपाट टीव्हीला लावला की खेळ जड वाटतो, फटके उशिरा बसतात, पट्टी नेहमी थोडी जास्तच भरते. तुमचा हात बिघडलेला नसतो. प्लेस्टेशन २ बहुतेक गेममध्ये चित्र एकाआड एक रेषांनी पाठवतो. नवा टीव्ही त्या रेषा जुळवून, ताणून चित्र बनवतो आणि त्यात वेळ खातो. ६० हर्ट्झवर एक चित्र म्हणजे १६.७ मिलिसेकंद. टीव्हीने तीन चित्रं उशीर केला तर ५० मिलिसेकंद गेली, आणि बॉक्सच्या आतल्या टिचकीभर फटक्यात तेवढ्याने चेंडू दांडीवरून जातो.

टीव्हीचा गेम मोड चालू करा. त्याने बरीचशी प्रक्रिया बंद पडते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेऐवजी कंपोनंट तार वापरा, चित्र स्वच्छ येतं. तार बदलल्यावर चित्राचे रंग विचित्र दिसले तर कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवर राहिलेलं असतं. ते वाय-सीबी-सीआरवर आणा. हा बदल तार बदलण्याआधी, जुन्या तारेवर असतानाच केला तर अंदाजाने मेनू शोधायची वेळ येत नाही. चित्र ४:३ ठेवा, नाहीतर खेळाडू रुंद आणि चेंडू अंडाकृती. जुना नळीचा टीव्ही घरात कुठे पडून असेल तर हे सगळे उपाय बाजूला ठेवून तोच लावा.

चौघांनी किंवा त्याहून अधिकांनी खेळायचं असेल तर मल्टिटॅप लागतो. एका पोर्टवर चार कंट्रोलर, दोन मल्टिटॅप लावले तर आठ जण. जाड कन्सोलचा मल्टिटॅप एससीपीएच-१००९० आणि सडपातळ कन्सोलचा एससीपीएच-७०१२०. एकाचा दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा जुना विकत घेताना खालचा क्रमांक वाचून घ्या.